दहा माणसं

द्वादशीच्या सकाळच्या भरतीनं बांध फोडला तेव्हा भामा तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. हितेश, तिचा मुलगा, टेम्पो धुवायला म्हणून बाहेर पडला होता तो तसाच धावत परत आला आणि अंगणातूनच ओरडला, "आये, खांड गेली! आपले शेताम्होरंच!"

तव्यावरची भाकरी तव्यावरच राहिली. भामा पीठभरल्या हातांनी निघाली. तिच्या पुढे तिचा नवरा काशीराम, कंबरेला टॉवेल गुंडाळून, चालत होता. बांधावर पोचल्यावर दिसलं ते पुरेसं होतं. चिंबोऱ्यांनी, खाडीतल्या खेकड्यांनी, वर्षभर आतून पोखरलेला बांध आठ-नऊ हात तुटून खाली बसला होता आणि त्या खांडीतून खाडीचं गढूळ पाणी पिवळ्या पडलेल्या भातात शिरत होतं. भात आठ दिवसांत कापणीला येणार होतं. पाणी कुणाला विचारून थोडंच येतं!

काशीराम गुडघाभर पाण्यात उभा राहून खांडीकडे बघत राहिला. त्याला बघत राहायची सवय होती. हिशेब करायची सवय भामाला. ती तिथेच उभी राहून म्हणाली, "धाच्या सुमाराला पानी फिरल. चारला पुरी ओहोट. सातला पानी परत खांडीचे तलाला लागल. तवरी तोंड मिटला तर मिटला."

"ना नाय मिटला तर?" हितेशनं विचारलं.

"पुनवेला अजून तीन दिस हायेत," काशीराम म्हणाला. "पानी रोज चढनार. मंग दीड एकराचा मिठागर झाला समज. दोन वर्सा तरी दाना येत नाय."

तेवढं बोलून तो पेंढा आणायला गेला. गावात पूर्वी अशी हाक उठली की घरटी एक माणूस बांधावर यायचा, साठ उंबऱ्यांची साठ माणसं. आता त्यातल्या बहुतेकांच्या जमिनी इमारतींखाली गेल्या होत्या. त्यांची तीन-तीन मजली घरं झाली होती, दारात गाड्या होत्या आणि चिखलात उतरायला माणूस नव्हता. तरी अकरा वाजेपर्यंत काशीराम आणि हितेश धरून चौदा जण जमले. जगन आला, कृष्णकांत आला, दोघंही साठीला टेकलेले. कृष्णकांतला तर शुगर होती आणि पायाची जखम महिनाभर भरत नव्हती, पण तो आला. त्याची जमीन विकून पंधरा वर्षं झाली होती.

खांड बांधायची तर रीत ठरलेली. आधी खांडीच्या दोन्ही तोंडांना मेढी, म्हणजे लाकडी खांब, ठोकायच्या, त्यांना आडव्या बांबूच्या तट्ट्या बांधायच्या, मधे पेंढा कोंबायचा आणि मग खाजणातून, खाडीकाठच्या दलदलीतून, कापलेले चिखलाचे गोळे हातोहात पुढे सारत आत मारायचे, पायानं तुडवायचे, पुन्हा मारायचे. एकदा काम धरलं की तोंड मिटेपर्यंत कुणी बांध सोडायचा नाही. भाकरी बांधावरच येते, पाणी बांधावरच येतं. मधेच चार माणसं कमी झाली की गोळ्यांची रांग तुटते आणि तेवढ्या वेळात पाणी आधीचं धुऊन नेतं.

दीड वाजेपर्यंत मेढी ठोकून झाल्या होत्या, तट्ट्या बसल्या होत्या आणि गोळ्यांची रांग लागली होती. भामा पदर खोचून रांगेच्या शेवटी उभी होती. तिचा जोम बघून जगन म्हणाला, "वयनी, जरा दमानं घे. नायतर तुलाच खांडीत मारावा लागल." रांग हसली. सगळ्यांना वाटत होतं, सहापर्यंत होतंय.

तेवढ्यात सून अंकिता भाकऱ्यांची पाटी घेऊन आली. तिच्या दुसऱ्या हातात भामाचा फोन होता. "आई, कुणीतरी जेरुशा म्हणून आहेत. तीन वेळा आला."

भामानं हात साडीला पुसले, फोन कानाला लावला आणि पलीकडचं ऐकता ऐकता ती बांधावर खाली बसली.

जेरुशा ही भामाच्या लहानपणच्या शिक्षिका डेबोराबाईंची भाची, बँकेतून निवृत्त झालेली, सुकापूरला राहणारी. बाई गेली दहा वर्षं तिच्याचकडे होत्या. पहाटे चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेल्या, असं जेरुशा म्हणाली. "त्यांचा मुलगा इलान अश्दोदला आहे, त्याला फ्लाइट रविवारच्या आधीची नाही. आणि आज शुक्रवार. सूर्य मावळायच्या आत करायला हवं गं, उद्या करता येत नाही. चारला ठरवलंय, पनवेलच्या आमच्या कबरस्तानात. पण माणसंच नाहीत. दहा पुरुष लागतात. सगळ्यांना फोन केले, अर्धे तिकडे इस्राएलला आणि उरलेले म्हातारे. कसेबसे सात झालेत."

"धाच ना?" भामा म्हणाली. "मी आनते."

"अगं, तसं नव्हे, दहा म्हणजे—" जेरुशा काहीतरी सांगत होती, पण तिच्या दारात कुणीतरी आलं, तिचा आवाज लांब गेला आणि फोन बंद झाला. भामानं पुन्हा लावला नाही. तिच्या गावात मयतीला माणसं कमी पडणं म्हणजे त्या घराची सगळ्यात मोठी नाचक्की. खांदा द्यायला परक्याला हात जोडावे लागणं. बाईंवर ती वेळ यावी हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

डेबोराबाई गावच्या शाळेत दहा वर्षं होत्या. पनवेलहून यायच्या, अर्धा रस्ता एसटीनं आणि अर्धा चालत. ज्यू असल्यामुळे शनिवार पाळायच्या, त्या दिवशी काम करायच्या नाहीत. शनिवारी सकाळची शाळा असायची आणि बाई नसायच्या. त्यांचा त्या दिवसाचा पगार कापला जायचा, त्यांनी कधी कुरकूर केली नाही. पण शनिवारची शाळा बुडते हे त्यांच्या मनाला लागलं असावं. कारण त्यांनी आपण होऊन रविवारी यायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी त्याचे पैसे देणार नव्हतं. रविवारी सकाळी आठ ते अकरा, मिठाच्या गोदामाच्या ओट्यावर. त्यामुळे झालं असं की आठवडाभर मिठागरावर पाट्या वाहणारी जी पोरं शाळेचं तोंड बघत नव्हती, ती रविवारी आपोआप बाईंच्या समोर बसायला लागली. भामा त्यातलीच. चौथीत असताना तिच्या बापानं तिला शाळेतून काढून मिठागरावर घातली होती.

बाई पहिलं काय करायच्या, तर पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढायच्या. मिठानं पोरांची बोटं चिरलेली असत, पेन्सिल धरली की रक्त यायचं. बाई एकेकाचे हात मांडीवर घेऊन तेल चोळायच्या आणि चोळता चोळता पाढे म्हणून घ्यायच्या. मग पाटी. चुकलं तर मारायच्या नाहीत, पण तेच पुन्हा लिहायला लावायच्या, अकरा वाजून गेले तरी. जगन एकदा 'खारघर' हा शब्द लिहिता लिहिता दुपारच्या जेवणाला मुकला होता. त्या रागानं त्यानं बाईंच्या छत्रीत चिंबोरी सोडली, आणि बाईंनी ती चिमटीत धरून खाडीत सोडली आणि म्हणाल्या, "हिला लिहायचं नाहीये, जाऊ दे. तू बस."

भामा सात वर्षं रविवारी बसली. पुढे ती काही शिकून साहेब झाली नाही. लग्न झालं, याच गावात, काशीरामशी. पण वीस वर्षांपूर्वी एक दलाल कागद घेऊन आला, रस्त्याला पाच गुंठे जाणार आहेत, सह्या-अंगठे द्या म्हणून. काशीरामनं अंगठ्याला शाई लावली होती. भामानं कागद ओढून घेतला आणि ओट्यावर बसून वाचला, सगळा, एकेक ओळ बोट फिरवत. पाच गुंठे कुठेच नव्हते. अख्खा दीड एकर होता. तिनं कागद परत दिला आणि काशीरामला म्हणाली, "आंगठा धू." दोन्ही दिरांनी त्याच आठवड्यात अंगठे दिले. त्यांच्या जमिनीवर आता सात मजले उभे आहेत आणि ते दोघं भाड्याच्या खोलीत राहतात. आज ज्या शेतात पाणी शिरलं होतं ते शेत भामाच्या घरात राहिलं, ते असं.

भामा उठली आणि बांधावर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "डेबोराबाई गेल्या. चारला उचलायच्यान. मानसा नायत. धा जना पायजेत."

रांग थांबली. जगनच्या हातातला गोळा हातातच राहिला.

"आता?" काशीराम खांडीतून म्हणाला. "आता धा मानसा नेलीस तर इथं क उरल? मी ना ह्या तीन मेढी?"

"चारला हाय. साडेपाचला परत येऊ."

"चारला पुरी ओहोट. कामाची येल तीच हाय."

"म्हाइत हाय मना."

"म्हाइत हाय तर कशाला बोलतंस?" काशीरामचा आवाज चढला. "खांड सोडून कोन जातं? कवा गेलाय कोन?"

"मयतीला जातात," जगन म्हणाला. "गावान मयत झाली का हात थांबतात, काशीरामदादा. नांगर सुद्दा थांबतं."

"गावची मयत आसली तर. ती बाय आपले गावची हाय का? पनवेलची. इस्रायली. नेम येगला, देव येगला. माझे हलदीला आली, तर ताटातला एक घास खाला नाय. माझे मांडवातून उपाशी गेली ती."

याला भामाकडे उत्तर होतं आणि ते तिनं चाळीस वर्षांत शंभर वेळा दिलं होतं. त्या दिवशी काशीरामच्या आईनं पाहुणीचा मान म्हणून कोळंबी आणि चिंबोऱ्या वाढल्या होत्या, आणि बाई खवल्यांच्या माशाशिवाय दुसरा मासा खात नसत. साधं जिताड्याचं कालवण वाढलं असतं तर त्या दोनदा मागून जेवल्या असत्या. पण घरात सगळ्यात चांगलं जे होतं ते वाढलं आणि तेच नेमकं चालणारं नव्हतं. काशीरामला हे कळत होतं. तरी त्याचा राग काही गेला नव्हता.

"मी कोनला जबरी करत नाय," भामा म्हणाली. "शेत माझा हाय. गेला तर माझा जाल."

"तुझा नि माझा," काशीराम म्हणाला.

कृष्णकांतनं पायाचा चिखल बांधाच्या कडेला खरवडला आणि तो टेम्पोच्या दिशेनं चालायला लागला. त्याच्यामागे जगन. मग आणखी सहा-सात जण. सगळेच बाईंकडे शिकलेले नव्हते, दोघांनी तर बाईंना पाहिलंही नव्हतं, पण जगन चालला म्हणून तेही चालले. हितेश आईकडे बघत होता, बापाकडे बघत होता. "टेम्पो मीच चालवनार ना," तो शेवटी कुणाला तरी उद्देशून म्हणाला आणि गेला. तो धरून दहा झाले. काशीरामपाशी तिघं राहिले.

भामानं मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ती गेली नसती, हे तिला पक्कं माहीत होतं.

टेम्पोच्या हौद्यात नऊ माणसं चिखलानं भरलेल्या पायांनी उभी, कुणाच्या हातात घमेलं तसंच राहिलेलं, कुणाच्या खांद्यावर फावडं. रस्त्यात तीन ठिकाणी गाड्या तुंबल्या होत्या. पोचायला तीन वाजले.

कबरस्तानाच्या फाटकाशी जेरुशा उभी होती, ओढणीनं डोकं झाकून. तिच्या शेजारी बेंजामिन, समाजातले सगळ्यात जुने गृहस्थ, पंचाहत्तरीचे, गोल टोपी, हातात पुस्तक. टेम्पोतून माणसं उतरायला लागली तसे ते एकेक मोजत असल्यासारखे बघत राहिले. दहाही जणांनी आपापले टॉवेल डोक्याला गुंडाळले. तेवढं त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

"आनली," भामा म्हणाली. "मोजून धा."

जेरुशाचा चेहरा बघूनच तिला कळलं की काहीतरी चुकलंय.

"भामा, अगं, मी तेच सांगत होते," जेरुशा हळू आवाजात म्हणाली. "दहा आमच्यातले लागतात. आमच्या धर्मातले. दहा असले तरच कद्दिश म्हणता येतं. मेलेल्या माणसासाठी मुलानं, तो नसला तर दुसऱ्या कुणी, म्हणायची प्रार्थना असते ती. खांद्यासाठी नव्हे गं."

"मंग आमी मोजनीत नाय?" जगननं विचारलं.

बेंजामिन पुढे आले. "तुम्ही आलात हे फार मोठं केलंत. पण नियम आहे. देवाचा आहे, माझा असता तर मोडला असता."

"आमी क अर्धे-अर्धे हाव? ईस आनली तर धा होतील का?"

बेंजामिन हसले नाहीत. "वीस आणलीत तरी नाही."

भामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दीड एकर भात पाण्याच्या तोंडाशी सोडून ती ज्या कामाला आली होती, ते काम तिच्यानं होण्यासारखंच नव्हतं, आणि हे फोनवर अर्धा मिनिट थांबून ऐकलं असतं तर कळलं असतं. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, आधी पूर्ण वाच आणि मग उत्तर दे. साठी उलटली तरी तिनं अर्धं ऐकूनच उत्तर दिलं होतं.

"वयनी," जगन तिच्या कानाशी म्हणाला, "लगेच निघलो तर चार-सव्वाचारला बांधावर. अजून येल हाय. खांड बांधून होल."

खरं होतं. निघता येत होतं. भामानं जेरुशाचा हात धरला, काही बोलणार, तोच आतून एक मजूर पळत आला. त्याच्या अंगावर कंबरेपर्यंत ओला चिखल होता. "साहेब, खड्ड्याची बाजू पुन्हा बसली," तो बेंजामिनना म्हणाला. "आमच्यानं होत नाय. पाणी उपसू तेवढं येतंय. पंप आणायला गेलेला अजून आला नाही."

रात्री पाऊस झाला होता आणि शेजारी नव्या इमारतीसाठी खणलेल्या पायात पाणी तुंबलं होतं. ते जमिनीखालून कबरीच्या खड्ड्यात झिरपत होतं. दोन मजूर सकाळपासून खणत होते आणि बाजू ढासळत होती. बेंजामिननी घड्याळाकडे बघितलं. सव्वासहाला सूर्य मावळणार होता. तोवर झालं नाही तर बाईंना रविवारपर्यंत बर्फात ठेवावं लागणार होतं, आणि मेलेल्या माणसाला असं ताटकळत ठेवणं त्यांच्यात मोठं पाप.

जगन आणि कृष्णकांत आत जाऊन खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. दोघांनी वाकून पाणी कुठून येतंय ते बघितलं. मग कृष्णकांत परत फाटकाशी आला.

"वरल्या अंगाशी बांध घातला पायजे," तो म्हणाला. "ना चर मारून पानी खालते काढला पायजे. दोन तासाचा काम हाय." आणि त्यानं भामाकडे बघितलं. शेत तिचं होतं, तिनंच सांगायचं होतं.

भामाच्या डोळ्यांसमोर भात आलं. लोंब्या टपोऱ्या भरल्या होत्या यंदा, गेल्या पाच वर्षांत भरल्या नव्हत्या अशा. कापणीसाठी तिनं दोन विळे धार लावून ठेवले होते. पुढची दोन वर्षं तिथे खारं गवत उगवणार होतं आणि काशीराम रोज सकाळी त्याच्याकडे बघत उभा राहणार होता. त्याला दुसरा उद्योग नव्हता आणि दुसऱ्याच्या दारात कामाला जायची सवयही नव्हती. तिला तळमळून वाटलं की परत जावं.

"उतरा," ती म्हणाली.

मग त्या दहा माणसांनी जे केलं ते करायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. दोघं खड्ड्यात उतरून घमेल्यांनी पाणी उपसायला लागले. चौघांनी वरच्या बाजूला हातभर खोल चर मारला आणि पाण्याला वळवून खालच्या गटाराकडे काढून दिलं. उरलेल्यांनी चिकण मातीचे गोळे कापले. रांग लागली. गोळे हातोहात पुढे सरकले, खड्ड्याच्या वरच्या अंगाला बसले, कृष्णकांतनं ते टाचेनं तुडवले. बेंजामिन काठावर उभे राहून बघत होते. त्यांचे सातांचे आठ झाले, ठाण्याहून एक जण आला तेव्हा नऊ झाले. दहावा माणूस रोह्याहून निघाला होता आणि महामार्गावर अडकला होता. सारखे फोन चालले होते.

भामा फाटकाशी जेरुशाबरोबर उभी होती. बायका आत जात नव्हत्या. "बायेला दुखला का गो?" तिनं विचारलं.

"नाही. काल संध्याकाळी चांगल्या होत्या. तुझी चौकशी करत होत्या. म्हणाल्या, भामाचं भात झालं असेल."

भामाला रडू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदाच. ती फाटकाचा गज धरून रडली आणि जेरुशानं तिला रडू दिलं.

पाच वाजता खड्डा कोरडा झाला. बाईंना पांढऱ्या कपड्यात गुंडाळून आणलं, बेंजामिन आणि त्यांच्या माणसांनी खांदा दिला, पण ती सगळी सत्तरीच्या पुढची. फाटकापासून दहा पावलांवर एकाचा गुडघा वाकला तेव्हा जगननं न विचारता त्याच्या जागी खांदा घातला. बेंजामिन तसेच पुढे चालले. नऊ जणांनी जे म्हणता येत होतं ते म्हटलं. रोह्याचा माणूस अजून पनवेलच्या अलीकडेच होता. अर्धा तास वाट बघितली. मग बेंजामिननी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "इलान तिकडे म्हणेल. तिकडे दहा मिळतात." सगळ्यांनी माती लोटली.

टेम्पो गावात परतला तेव्हा पावणेसात झाले होते आणि उजेड जेमतेम होता. मयतीवरून आलेली माणसं अंघोळ केल्याशिवाय घरात जात नाहीत, पण कुणी घराकडे वळलंच नाही. सगळे थेट बांधावर गेले.

भामा पुढे होती. तिनं मनाशी हिशेब केला होता. चौघांनी साडेचार तासांत अर्ध्यापर्यंत आणलं असेल. आता दहा जण एकदम लागले तर निदान आजची भरती निम्मी तरी थोपवता येईल. ती खांडीपाशी पोचली आणि थांबली.

खांड दुपारी होती तशीच होती. मेढी, तट्ट्या, पेंढा आणि त्यावर गोळ्यांचा गुडघाभर थर. त्याच्यावर नवा गोळा पडलेला दिसत नव्हता. काशीराम आणि तिघं जण बांधावर ओळीनं बसले होते, डोक्याला टॉवेल गुंडाळून, हात मांडीवर ठेवून. फावडी बाजूला आडवी घातलेली.

"क झाला?" भामानं विचारलं. "कोनला लागला का?"

"नाय."

"मंग?"

तिघांतला वेणू म्हणाला, "दादा बोलला, थांबा. आमी थांबलाव."

भामाचं डोकं फिरलं. दिवसभर जे पोटात धरलं होतं ते सगळं बाहेर आलं. "येडा झालास तू? चौघे होताव ना? चार तास! मी तिथं मरतंय घडी-घडीला का शेत जातंय, शेत जातंय, ना तू इथं मांडी घालून बसलास? मेल्या, एक गोला तरी मारायचास! तुला कोनी थांब बोलला?"

काशीराम तिच्याकडे न बघता बोलला. "तुमी गेलाव तवा दोन गोले मारले. हात चालना. आपली मानसा मयतीला गेलीत ना आमी इथं चिखल मारताव, बरा दिसतं का? ती परत येईस्तो कामाला हात लावत नाय कोन."

"गावची मयत आसली तर! तूच बोललास ना दुपारशी, ती आपले गावची नाय?"

"बोललू."

"मंग?"

"गावाशीन धा मानसा गेली," काशीराम म्हणाला. "धा मानसा गेली म्हंजे मयत गावचीच झाली."

भामा त्याच्यासमोर उभी राहिली. चाळीस वर्षं ज्याच्याशी एका बाईच्या न जेवण्यावरून भांडली, त्याच्याशी आता कशावरून भांडायचं ते तिला समजेना. खाली खाडीत पाणी फिरलं होतं. ते आवाज न करता खांडीच्या तळाला लागलं, पेंढ्यातून पाझरलं, थराच्या कडेनं वाट काढून आत गेलं.

जगन आणि दोघं-तिघं उतरले. त्यांनी दहा-बारा गोळे मारले. पाण्यानं ते तेवढ्याच वेळात नेले. आणखी मारले, तेही नेले. मग कृष्णकांतनं जगनचा दंड धरला आणि तो थांबला. भातात पाणी पसरत होतं. लोंब्या हळूहळू खाली वाकत होत्या.

अंधार पडेपर्यंत पाणी चढत राहिलं. शेवटी भामानंच पदर खोचला.

"चला," ती म्हणाली. "आंगोली करून घ्या. मयतीवरशीन आल्याव. पानी हाय हितंच."

ती खांडीच्या तोंडातून आपल्या शेतात उतरली, कमरेइतक्या पाण्यात, आणि नाक धरून खाली बसली. तिच्यामागे हितेश उतरला, जगन उतरला, कृष्णकांत जखमेला पिशवी बांधून उतरला. एकेक करत दहाही जणांनी अंघोळ केली आणि कपडे पिळत बांधावर आले.

मयतीला न गेलेल्याला ही अंघोळ करावी लागत नाही. काशीराम बांधावर बसून होता. सगळे वर आल्यावर तो उठला, डोक्याचा टॉवेल काढून त्यानं वेणूकडे दिला, आणि पाण्यात उतरून डोकं बुडवलं.